आशाताईंचे दोन प्रश्न आणि आपलं ‘बरंय’: डिप्रेशन ओळखायचं कसं, निमगाव केतकीसारख्या गावातून मदत मिळवायची कुठे?

इंदापूर-बारामती रस्त्यावरचं निमगाव केतकी हे पानमळ्यांचं गाव. तुकोबांच्या पालखीचा मुक्कामही इथे असतो. या गावात काय किंवा राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, तिशी ओलांडलेल्या माणसांसाठी आशाताईंकडे एक फॉर्म असतो. आरोग्य खात्याच्या भाषेत त्याला ‘सी-बॅक’ म्हणतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, अशी माहिती त्यात भरली जाते.

याच फॉर्ममध्ये दोन प्रश्न मनाबद्दलचे आहेत. ते साधारण असे:

१. गेल्या दोन आठवड्यांत कुठल्याच गोष्टीत रस वाटत नाही, काही करण्यात आनंद वाटत नाही, असं किती वेळा झालं?

२. गेल्या दोन आठवड्यांत उदास, खचल्यासारखं किंवा आता काही आशाच नाही, असं किती वेळा वाटलं?

अजिबात नाही असेल तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २ आणि जवळजवळ रोज असेल तर ३ गुण. दोन्हींची बेरीज ३ च्या वर गेली, तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायचं, असा नियम आहे.

म्हणजे डिप्रेशन ओळखण्याची पहिली चाळणी कागदावर तरी गावात पोहोचलेली आहे. पण हे प्रश्न कुठे विचारले जातात? ओट्यावर सासूबाई बसलेल्या असतात, शेजारीण दळण घेऊन आलेली असते, नवरा गाडी पुसत उभा असतो. अशा वेळी सून काय सांगणार? “काय नाय ताई, बरंय सगळं.” फॉर्मवर शून्य पडतो आणि आशाताई पुढच्या घरी जातात.

डिप्रेशनवर उपचार आहेत, ते परिणामकारक आहेत आणि सरकारी दवाखान्यात त्यासाठी फारसे पैसेही लागत नाहीत. तरीही बहुतेक माणसं तिथपर्यंत पोहोचत नाहीत. ती अडकतात या ‘बरंय’पाशी. असं का होतं आणि त्यातून वाट कशी काढायची, ते समजून घेऊया.

गावात ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत, मग काय म्हणतात?

‘मला डिप्रेशन आलंय’ असं म्हणत दवाखान्यात जाणारे लोक कमीच. डॉक्टरसमोर वेगळीच वाक्यं येतात. अंगात त्राण नाही. डोकं जड पडतं. छातीवर दडपण आल्यासारखं वाटतं. झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला डोळे उघडतात. अन्न गोड लागत नाही. कशात जीव रमत नाही.

हे सोंग नसतं. डिप्रेशनमध्ये झोप, भूक, ताकद आणि अंगदुखी या सगळ्यांवर खरोखर परिणाम होतो. अडचण अशी की, तक्रार शरीराची म्हणून उपचारही फक्त शरीरावर होतात. सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात, ईसीजी निघतो, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असं कळतं. मग घरचे म्हणतात, “डॉक्टर म्हणतायत काही झालेलं नाही, म्हणजे तुझ्या मनाचेच खेळ आहेत.” माणूस आणखी गप्प होतो.

एक उदाहरण कल्पनेतलं घेऊ. समजा, पस्तिशीतला एक पानमळेवाला आहे. एरवी पहाटे उठून मळ्यात जाणारा, पानं खुडायला आलेल्या बायकांशी दोन शब्द बोलणारा, संध्याकाळी पारावर बसणारा. गेला महिनाभर तो उशिरापर्यंत पडून असतो. मळ्यात गेला तरी बांधावर बसून राहतो. फोन उचलत नाही. पारावर जाणं बंद. बायकोनं विचारलं की खेकसतो. त्याला कुणी विचारलं की उत्तर एकच, “काय नाय, जरा कणकण आहे.”

बाहेरून बघणाऱ्याला हा आळस वाटेल, माज वाटेल, नाहीतर दारूची सवय लागल्याचा संशय येईल. डिप्रेशन असू शकेल, हे सगळ्यात शेवटी सुचतं.

वाईट वाटणं आणि डिप्रेशन, फरक काय?

डाळिंबाच्या बागेवर तेल्या आला, भाव पडला, घरातलं माणूस गेलं, तर वाईट वाटणारच. रडू येईल, चार दिवस जेवण जाणार नाही. हे दुःख आहे, आजार नाही. दुःखात माणूस मधूनच हसतो, नातवंडं अंगावर आली की विसरतो आणि हळूहळू सावरत जातो.

डिप्रेशनचं निदान करताना डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: किती दिवस, दिवसातला किती वेळ आणि रोजच्या कामावर किती परिणाम. खालच्यापैकी बरीच लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली, तर तपासून घेण्याची वेळ आली आहे असं समजा:

• मन सतत उदास, रिकामं किंवा चिडचिडं राहणं
• आवडीच्या गोष्टींतही रस न उरणं
• झोप न लागणं, पहाटे लवकर जाग येणं किंवा खूप झोप येणं
• भूक किंवा वजन कमी होणं, कधी उलट वाढणं
• काही न करताही थकवा
• बोलणं-चालणं मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ येरझाऱ्या
• लक्ष न लागणं, साधा निर्णयही न घेता येणं
• ‘मी कुणाच्या कामाचा नाही’, ‘सगळी चूक माझीच’ असं वाटत राहणं
• मरणाचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येणं

पहिल्या दोनपैकी किमान एक आणि सगळी मिळून पाच किंवा जास्त लक्षणं असतील, तर डॉक्टर साधारणपणे डिप्रेशनचं निदान करतात. पण शेवटचं लक्षण एकटं असलं, तरी दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची.

हीच लक्षणं माणसागणिक वेगळी दिसतात. पुरुषांमध्ये रडण्यापेक्षा राग आणि दारू जास्त दिसू शकते. बाळंतपणानंतर बाईला बाळाकडे बघावंसंही वाटत नसेल, तर ‘आईपण जमत नाही’ असा शिक्का मारण्याआधी तिची तपासणी व्हायला हवी. म्हाताऱ्या माणसाचं गप्प होणं ‘आता वयच झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेलेला मुलगा सणालाही गावी येईना झाला, तर तो अभ्यासातच आहे असं धरून चालू नये.

आणखी एक गोष्ट. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणं दिसतात. रोजची दारूही मन खाली ओढते. म्हणून आधी रक्ततपासणी करून घेणं चांगलं. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजारच नाही, असा अर्थ काढू नका. उलट मग मनाच्या डॉक्टरकडे जायला हवं, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

हे किती जणांना होतं?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार देशात साधारण २० पैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं. या आजाराच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असंही त्यात दिसलं. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं होतं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. तरी आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल, असं मानायला आधार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. प्रत्येक आत्महत्येमागे डिप्रेशनच असतं असं नाही. कर्ज, घरातली भांडणं, आजारपण, व्यसन अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. डिप्रेशन झालेली बहुसंख्य माणसंही आत्महत्या करत नाहीत. पण वेळेवर उपचार मिळाले, तर यातले बरेच जीव वाचू शकतात.

मनोविकारतज्ज्ञ मात्र मोजके आहेत. देशात लाख लोकांमागे पुरता एकही नाही आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. मग गावांचं काय? या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्र आणि गोव्यातच शोधलं गेलं आहे.

थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा का?

‘बोलून काय होणार? बोलायला तर घरचे आहेतच की,’ असं बऱ्याच जणांना वाटतं. थेरपीत बोलणं असतंच, पण ते ठरावीक पद्धतीनं, ठरावीक वेळी आणि ठरावीक हेतूनं होतं. समोरची व्यक्ती त्यासाठी शिकलेली असते. ती ओरडत नाही, उपदेश करत नाही आणि ऐकलेलं बाहेर बोलत नाही.

वरच्या पानमळेवाल्याचंच बघा. मन उदास म्हणून तो पारावर जाणं टाळतो. पारावर जात नाही म्हणून दोन चांगले शब्द कानावर पडत नाहीत. कामं साचतात. साचलेल्या कामांकडे बघून ‘मी नालायक’ वाटतं आणि मन आणखी खाली जातं. हे चक्र तोडणं हे थेरपिस्टचं काम.

त्यातली एक पद्धत साधी आहे. मन ताळ्यावर येईल तेव्हा काम करू, असं म्हणत बसायचं नाही. छोटं काम आधी ठरवायचं आणि वाटो न वाटो, ते करायचं. उद्या सकाळी मळ्याला एक फेरी. परवा एका मित्राला फोन. कशानं थोडं बरं वाटलं, ते लिहून ठेवायचं. पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. हळूहळू कामं वाढतात आणि मन त्यांच्या मागून येतं.

दुसऱ्या एका पद्धतीत विचारांवर काम होतं. ‘एक हंगाम गेला म्हणजे माझं सगळं आयुष्य गेलं’ हा विचार खरा आहे का, त्याच्या बाजूनं काय आहे, विरुद्ध काय आहे, हे तपासायला शिकवलं जातं.

गोवा, अमरावती आणि नाशिकमध्ये काय झालं?

गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं ही पहिली पद्धत सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरून पाहिली. थेरपी देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. १० आरोग्य केंद्रांतल्या ४९३ रुग्णांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण डिप्रेशनमधून बाहेर आले होते. ज्यांना ते मिळालं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तिथे गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन घराघरांत या आजाराबद्दल बोललं गेलं, प्राथमिक मदत दिली गेली आणि गरज असलेल्यांना डॉक्टरपर्यंत नेलं गेलं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुठली तरी मदत घेत होते. साधारण दीड वर्षानं हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला.

सहापट वाढ ही मोठी गोष्ट आहे. पण हाच आकडा उलटा वाचला, तर प्रकल्पानंतरही चारपैकी जवळपास तीन जण मदतीपासून लांबच राहिले. शिवाय यात प्रकल्पाआधी आणि नंतर अशी तुलना होती. प्रकल्प नसलेली गावं शेजारी ठेवून पडताळणी झाली नव्हती. त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला. गावातल्या विश्वासू माणसांना ऐकून घेण्याचं, आधार देण्याचं आणि गरज पडली तर दवाखान्याशी जोडून देण्याचं शिक्षण दिलं. पुढे हे काम गुजरातमध्येही नेलं गेलं.

तिन्ही ठिकाणांहून एकच गोष्ट पुढे येते. गावात मोठं मनोरुग्णालय उभं राहीपर्यंत थांबायची गरज नाही. ऐकायला शिकलेलं माणूस जवळ असलं आणि गरज पडेल तेव्हा त्याच्यामागे डॉक्टर असला, तर बरंच काम गावातच होतं.

मग गोळ्यांची गरज कुणाला?

सौम्य डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा थेरपी पुरते. मध्यम आणि तीव्र आजारात डॉक्टर औषधं देतात, अनेकदा थेरपीसोबत. गोळ्यांबद्दल चार गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली, गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. ‘आठ दिवस खाल्ल्या, काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

दुसरी, डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी सवय लागत नाही. झोपेच्या गोळ्या वेगळ्या. त्या मनानं, दुकानातून आणून घेणं धोक्याचं आहे.

तिसरी, बरं वाटायला लागलं की लगेच बंद करायच्या नाहीत. सहसा बरं वाटल्यावरही सहा महिने किंवा जास्त काळ चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

चौथी, सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरला सांगा, औषध बदलता येतं. तरुण मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं.

निमगाव केतकीतून जायचं कुठे?

‘मनाचा डॉक्टर म्हणजे येरवडा’ हे समीकरण अजून अनेकांच्या डोक्यात पक्कं आहे. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय मोठं आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. पण डिप्रेशनच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही आणि पुणे गाठायचीही गरज नसते. जवळून लांबच्या क्रमानं बघू.

१. हातातला फोन. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मराठीतही. नाव सांगायचं नसेल तरी बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतात. घरात बोलता येत नसेल, तर मळ्यात जाऊन फोन लावा.

२. आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिर. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना आता हे नाव आहे. तिथल्या ठरलेल्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्यही आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला भेटून ‘त्या दोन प्रश्नांबद्दल बोलायचंय’ एवढं म्हटलं तरी पुरे.

३. इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय. निमगाव केतकीहून सगळ्यात जवळचं मोठं सरकारी रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक किंवा मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी उपलब्ध असतात, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नाहीतर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं फुकट जातं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

४. बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. २०१९ मध्ये सुरू झालेल्या आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव असलेल्या या महाविद्यालयामुळे तालुक्याच्या लोकांना पुण्याला जाण्याआधीचा एक मोठा टप्पा मिळाला. वैद्यकीय महाविद्यालयाला मनोविकार विभाग असतोच. एसटीनं जाता येतं आणि महिलांना तिकीट निम्मं आहे.

खासगीत जायचं असेल, तर कोण काय करतं ते माहीत हवं. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो, गोळ्या देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. म्हणून शिक्षण काय, अनुभव किती, हे विचारायला लाजू नका.

अडतं कुठे?

सगळ्यात आधी ‘लोक काय म्हणतील’ इथे. बहिणीचं लग्न व्हायचंय, पोराला स्थळं बघायचीत, सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहायचंय. मनाच्या डॉक्टरकडे गेल्याचं कळलं तर ‘वेडा’ म्हणतील. ही भीती खोटी नाही. गावात खरंच असं बोललं जातं. पण कायदा रुग्णाच्या बाजूनं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी पैशातून चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आरोग्य विम्यातही मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच स्थान द्यावं लागतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता, तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून मदत करायची, असंही हा कायदा सांगतो.

दुसरी अडचण वेळेची. थेरपीला दर आठवड्याला जायचं म्हटलं, तर ऊसतोड, पाण्याची पाळी, पोरांची शाळा यातून दिवस काढायचा कसा? इथे फोनवरची भेट कामाला येते. पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या काही फोनवर चालतील का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट श्रद्धेची. अंगारा, उतारा, देवऋषी यांत महिने जातात आणि आजार वाढतो. वारीत चालल्यानं, भजनात बसल्यानं मनाला उभारी मिळते, हे अनेकांचा अनुभव सांगतो. चालणं, सोबत, एका सुरात गाणं हे मनाला चांगलंच आहे. ते सोडायची काही गरज नाही. पण वारीत पायाला फोड आला तर माणूस माउलीचं नाव घेत घेत पट्टीही बांधून घेतोच. मनाच्या आजाराचंही तसंच करावं.

चौथी अडचण व्यवस्थेची आहे आणि ती एकट्या रुग्णानं सुटणारी नाही. आशाताईंच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामं असतात. दोन प्रश्न एकांतात, सावकाश विचारायला त्यांना वेळ आणि प्रशिक्षण लागेल. ३ च्या वर गुण मिळालेला माणूस पुढे पाठवला, तर तिथे ठरलेल्या वारी डॉक्टर हवा आणि औषधं जवळच्या केंद्रात मिळायला हवीत. अमरावतीत फरक पडला, तो ही साखळी जोडण्याचा प्रयत्न झाला म्हणून. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्यासोबत ‘मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, त्याचा फलक दवाखान्यात लावा’ अशी मागणीही करता येते.

शिक्षणसंस्थांसाठी तर सर्वोच्च न्यायालयानंच जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असं त्यात आहे. इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजांत तो आहे का, हे पालकांनी विचारायला हवं.

घरच्यांनी बोलायचं काय?

हे टाळा: “तुला कमी काय आहे?” “मन घट्ट कर.” “आम्ही नाही का दिवस काढले?” “बायकांसारखा रडतोस काय?”

त्याऐवजी असं काही बोलता येईल:

“दादा, महिनाभर बघतोय, तू पारावर येईना झालास. तब्येत बरी नाही का मनाला काही लागलंय?”

“अगं, तू काही सांगितलंस तर मी आईंना सांगणार नाही. फक्त ऐकते.”

“अहो, इंदापूरला जाऊन येऊ. मी येते ना सोबत. डॉक्टरांना झोपेचं तरी सांगू.”

शेवटचं वाक्य कामाचं आहे. ‘डिप्रेशनसाठी चल’ म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस झोपेसाठी तयार होतो. पुढचं डॉक्टर बघतात.

मरणाच्या गोष्टी कानावर आल्या, “माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही” अशी वाक्यं यायला लागली, तर सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं आणि इतर धोक्याच्या वस्तू कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. १४४१६ ला फोन करा. तातडीची वेळ असेल तर १०८ किंवा ११२.

थोडक्यात

डिप्रेशन हा आळस नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी, रस संपणं, झोप-भूक बिघडणं ही त्याची खूण. बोलण्याचे उपचार कामाला येतात, गरज असेल तिथे गोळ्याही. फोनवर, इंदापुरात आणि बारामतीत मदत मिळू शकते.

पुढच्या वेळी आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या आणि ओट्यावर गर्दी असली, तर त्यांना म्हणा, “ताई, हे दोन प्रश्न जरा आत येऊन विचारा.” आणि मग खरं काय ते सांगा. बेरीज किती येईल ती येवो, पुढचा दवाखाना कोणता हे त्यावरूनच ठरेल.

लक्षात ठेवा: टेलि-मानस १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ (मोफत, चोवीस तास, मराठीत). रुग्णवाहिका १०८. तातडीची मदत ११२.